चारच्या खालचा तीन

शुक्रवारी सकाळी जेवणाचं टेबल माझं असे. मस्कतमध्ये शुक्रवारची सुट्टी, पण माझा नवरा हॉटेलच्या बँक्वेटमध्ये. बाकीच्या जगाची सुट्टी असली की त्याच्याकडे लग्नं आणि पार्ट्या. मुलगी उशिरापर्यंत झोपायची. मी टेबलावर जुना पांढरा टॉवेल अंथरायची, डावीकडे न तपासलेली नाणी, उजवीकडे तपासलेली, मध्ये टेबल-लॅम्प आणि भिंग. नाणं कडेने धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, प्रकाश तिरका घ्यायचा, आधी साल बघायचं आणि मग बाकीचं. हा क्रम मी कधी मोडला नाही.

लोक याला छंद म्हणायचे. छंदात माणूस रमतो म्हणे. मी रमत नव्हते, मी शोधत होते.

शोधत होते ते पूर्व आफ्रिकेचे जुने सेंट. इंग्रजांच्या अमलातली दहा सेंटची ब्रॉन्झची नाणी, मधोमध गोल भोक, एका बाजूला मुकुट आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती वळलेले हत्तीचे सुळे. ओमानमध्ये आफ्रिकेची नाणी कशी, असं गावी, वसईला गेले की सगळे विचारायचे. ओमानच्या सूर बंदरातली गलबतं पिढ्यान्‌पिढ्या खजूर भरून झांजिबारला जात होती. कित्येक कुटुंबं तिकडेच राहिली आणि पुढे परत आली. येताना खिशातली मोड आली. ती इथे चालेना, फेकवेना, म्हणून घराघरांत बिस्किटाच्या डब्यांत पडून राहिली. मस्कतमधल्या मत्राहच्या बाजारात ती ओंजळीने मिळायची. बहुतेक संग्राहक साल बघून एक-एक ठेवत आणि उरलेली परत टाकत. मी उरलेली घ्यायची, कारण मला ठशांतले फरक हवे होते.

ठसा म्हणजे नाण्यावर छाप उठवणारा पोलादाचा तुकडा. एका ठशातून हजारो नाणी निघतात, तो झिजतो, बदलतो. कधी टांकसाळीत काटकसर करून जुन्या सालाचाच ठसा पुन्हा घेतात आणि शेवटच्या आकड्यावर नवा आकडा ठोकतात. खालचा आकडा पुरता जात नाही. नव्या आकड्याच्या आडून त्याची एखादी रेघ, एखादं वळण दिसत राहतं. अशी नाणी थोडी असतात. नाणी गोळा करणाऱ्यांसाठी जगभरच्या नाण्यांची एक मोठी सूची असते, तिच्यात अशा प्रत्येक फरकाची नोंद होते आणि ज्याला तो पहिल्यांदा सापडला त्याचं नाव नोंदीखाली जातं. मला ते नाव हवं होतं. हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो एवढंच म्हणायचा, "मेलेल्या राजाच्या मागे लागलीस. जिवंत नवऱ्याला चहा तरी मिळेल का?"

आम्हा नाणी गोळा करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, मस्कतच्या अल् खुवैर भागात अध्यक्षांच्या फ्लॅटवर बैठक व्हायची. अध्यक्ष पुण्याचे, एका सल्लागार कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर. सगळे त्यांना सर म्हणायचे. बाकी दोन केरळी, एक गुजराती व्यापारी, रत्नागिरीकडचे एक मुसलमान चाचा, ज्यांचं मत्राहला कापडाचं दुकान होतं, आणि मी. बाई मी एकटीच. मी ऑफिसात सेक्रेटरी, त्यामुळे मंडळाच्या याद्या, पत्रं, बैठकीचे वृत्तांत माझ्याकडे. कोणी सोपवले नव्हते. पहिल्या बैठकीत सर म्हणाले, "मॅडमचं टायपिंग सुंदर आहे," आणि ते तिथेच ठरलं. चहाही मीच ओतायची, पण ते निदान चाचांच्या लक्षात आलं होतं. ते एकदा म्हणाले, "सर, बाई नाणी बघायला येतात की पंगत वाढायला?" सगळे हसले. चहा मीच ओतला.

आमच्या ऑफिसात सरकारी कागदपत्रं फिरवणारा मंदूब मूळचा सूरचा. जन्म झांजिबारचा, हिंदी त्याने हॉटेलातल्या पोरांकडून शिकलेली. मला असली मोड लागते हे त्याला ठाऊक होतं. एका शनिवारी त्याने माझ्या टेबलावर दुधाच्या पावडरीचा डबा ठेवला.

"सिस्टर, ये मेरा बाप का। घर साफ किया, मेरी मां बोली फेंक दो।"

"कितने का, अर्बाब?"

"अर्बाब मैं नहीं, अर्बाब अंदर केबिन में बैठा है।" तो हसला. "ये फुलूस, पैसा नहीं है, सिस्टर। खलास। ले जाओ।"

पुढच्या शुक्रवारी मी तो डबा टॉवेलवर ओतला. नाणी तेलकट तपकिरी, काहींना समुद्राची हिरवी बुरशी. अर्धी तपासून झाली तेव्हा ते हातात आलं. तिसाच्या दशकातलं दहा सेंट, सालाचा शेवटचा आकडा चार. चारच्या उभ्या दांडीच्या उजवीकडे काहीतरी गोलसर होतं. मी प्रकाश फिरवला. तीनचं खालचं पोट. पुन्हा फिरवला, तर वरचं टोकही दिसलं. चारच्या खाली तीन होता.

मी उठून पाणी प्यायले, भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. मग कागदावर आकड्याचं मोठं चित्र काढलं, नाणं कागदी पाकिटात ठेवलं आणि दुपारचा भात लावला.

सूचीत हा फरक नव्हता. सरांकडे सूचीची नवी आवृत्ती होती, तिच्यातही नव्हता. बैठकीत सरांनी नाणं भिंगाखाली बराच वेळ धरलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा तीन आहे. शंभर टक्के तीन आहे."

चाचांनी बघितलं. "माशाल्ला. बाई, तुमचं नाव लंडनला जाणार."

मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी कप गोळा केले.

सूचीचं काम करणारे एक इंग्रज जाणकार दुबईला येणार होते आणि सरांच्या ओळखीने दोन दिवस मस्कतला. दिवाळीनंतर. नोंदीसाठी त्यांनी नाणं प्रत्यक्ष बघणं जरुरीचं. सर म्हणाले, "माझ्याकडे राहू दे. ऑफिसातून सूक्ष्मदर्शक आणतोय, त्याखाली फोटो काढून ठेवतो. ते आले की फोटो आणि नाणं दोन्ही समोर." मंडळाची रीतच होती: मत घ्यायचं नाणं अध्यक्षांकडे राहायचं. मी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, "हात लावू नये, पुसू नये," आणि दिलं.

लक्ष्मीपूजनाला सर मंडळातल्या सगळ्यांना फराळाला बोलवायचे. मी ख्रिस्ती, पण वसईला शेजाऱ्यांच्या दिवाळीत मी वाढलेली. करंज्या कशा भरतात हे मला सरांच्या बायकोपेक्षा जास्त येतं. मी नाताळच्या केकची आगाऊ वडी घेऊन गेले. दारात रांगोळीचं स्टिकर, आत एसी आणि उदबत्ती. त्या वर्षी सरांची आई पुण्याहून आली होती. सगळे त्यांना आजी म्हणत होते. नऊवारी, पाठ ताठ, घरातल्या प्रत्येक गोष्टीवर लक्ष.

चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, पुढे ताटात तांदूळ, तांदळावर नाणी. रियाल, बैसा, एक-दोन चांदीचे शिक्के. आणि मधोमध, हळदीकुंकू लावलेलं, एक भोक असलेलं नाणं. नव्या पितळेच्या बोल्टसारखं चकाकणारं.

मी खाली वाकले. लोकांना वाटलं नमस्कार करतेय.

"ते जुनं नाणं बघतेयस ना?" आजी मागून म्हणाल्या. "या घरात जुनं म्हणून काही नाही बघ. सगळं प्लास्टिक. आमच्याकडे पूजेत जुना पैसा लागतो, घरातल्या पहिल्या लक्ष्मीचा मान. याच्या टेबलावर एका लिफाफ्यात हे मिळालं. काय कळकटलेलं होतं! चिंच-मीठ लावून ठेवलं, मग तारेच्या घासणीने घासलं. बघ कसं उजळलंय."

"लिफाफ्यावर लिहिलं होतं," मी म्हणाले.

"चष्मा कुठे होता मला! आणि पूजेला पारोसा पैसा ठेवतात का?"

सर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं ठाऊक आहे हे मला कळलं. ऑफिसातून आल्याबरोबर त्यांनी बघितलं असणार. मला बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आई आहे. काय बोलणार? सणाचा दिवस."

"फोटो काढला होता?"

"सूक्ष्मदर्शक अजून आला नाही. पुढच्या आठवड्यात येतोय."

"तुमची नाणी कुठे असतात, सर?"

"माझी? कपाटात. कुलपात." हे ते सहज बोलले. बोलून झाल्यावर जरा थांबले, मग म्हणाले, "एका अर्थी तुमच्या नाण्याचा मानच झाला की."

त्यांच्याच घरातल्या, त्यांच्याच देवीपुढे, मी, वसईची किरिस्ताव बाई, काय म्हणणार होते? तुमच्या लक्ष्मीच्या ताटातलं माझं आहे, ते धुवायला नको होतं? आजी मला हळदीकुंकू लावू की नको अशा विचारात उभ्या होत्या. शेवटी त्यांनी माझ्या हातावर चिवड्याची बशी ठेवली. मी चिवडा खाल्ला. मीठ कमी होतं.

पूजेतलं म्हणून ते नाणं दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावरच मिळालं. भिंगाखाली धरलं. चार होता. चारच्या दांडीच्या उजवीकडे तारेच्या घासणीचे बारीक समांतर ओरखडे होते. त्या ओरखड्यांत पोट नव्हतं, टोक नव्हतं. एका ठिकाणी, प्रकाश अगदी आडवा घेतला की, एक सावली यायची. तीही ओरखड्याची असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं.

इंग्रज जाणकार आले. लाल चेहऱ्याचे, अतिशय सभ्य. त्यांनी नाणं घेतलं आणि भिंग लावण्याआधीच त्यांचा चेहरा मिटला. मी काढलेलं चित्र दाखवलं. ते म्हणाले, चित्र छान आहे, पण चित्रावर नोंद होत नाही. आणखी कोणी हे नाणं आधी बघितलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. खोलीत सगळे होते, आजी आतल्या खोलीत. हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता: मग घासलं कोणी?

सर म्हणाले, "आम्ही वरवर पाहिलं होतं. तेव्हा काहीतरी असावं असं वाटलं. मॅडमची तशी खात्री आहे."

मॅडमची खात्री. शंभर टक्क्यांचं वरवर झालं. चाचा पुढे सरकले, "नाही साहेब, मी पण..." पण ते मराठीत बोलले आणि त्याचं इंग्रजी कोणी करून दिलं नाही. मी करू शकले असते. मंडळात भाषांतर नेहमी मीच करायची. त्या दिवशी मी चित्राची घडी घालत राहिले.

त्यानंतर मी ठरवलं, दुसरं शोधायचं. एका ठशातून एकच नाणं निघत नाही. तीन असलेला चार आणखी कुठेतरी असणारच. मंदूबला सांगून मी सूरला त्याच्या मावशीकडे गेले. तेव्हा डोंगरांना वळसा घालून जावं लागायचं, गाडीचा एसी मध्येच दम सोडायचा. बायकांच्या खोलीत हलवा आणि कडू कॉफी झाली, आणि मग मावशीने एक माळ आणली. भोकाच्या सेंटांची, दोऱ्यात ओवलेली, पाळण्यावर बांधायची. पोरं तिच्याकडे बघून रडायची थांबत, असं ती स्वाहिलीत म्हणाली आणि मंदूबच्या बहिणीने हिंदीत सांगितलं. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्या नाण्यांची सालंच गुळगुळीत झाली होती. मी प्रत्येक बघितलं. मावशीने विचारलं, "ही कोणाला हरवून बसलीय का?"

पुढची कित्येक वर्षं माझं हेच चाललं. मत्राह, सूर, निझवाचा शुक्रवारचा बाजार, गावी जाणाऱ्यांना सांगून मुंबईचे फूटपाथ. घरी दरवेळी नवी पिशवी आली की मुलगी म्हणायची, "ममा, नॉट अगेन." तिची बारावी झाली, ती शिकायला निघून गेली. माझ्या डोळ्यांना नंबर लागला, तो वाढला. चार पुष्कळ मिळाले. त्यांच्याखाली काही नव्हतं.

मग मंडळात इंटरनेट आलं. एका दुपारी सरांचा फोन. आवाज आनंदाचा.

"मॅडम, अभिनंदन! तुमचं बरोबर होतं! चारच्या खाली तीन. सूचीत आलाय."

"कोणाच्या नावाने?"

"दक्षिण आफ्रिकेतला एक दंतवैद्य आहे. त्याला मोंबासाहून आलेल्या नाण्यांत मिळालं. पण बघा ना, तुम्ही म्हणत होता तस्संच! पोट उजवीकडे."

"सर, मग त्यांना लिहू या. आपण आधी बघितलं होतं. तुम्ही, चाचा, मी."

"लिहायला हरकत नाही, मॅडम. पण कशाच्या आधारावर?"

मी फोन ठेवला. चाचा तोवर दुकान मुलाला देऊन रत्नागिरीला परतले होते आणि वर्षापूर्वी वारले होते.

मंडळाने पुढे एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. सरांनी माझं नाणं मागितलं. म्हणाले, आता हा फरक मान्य झालेला आहे, आपल्याकडचा नमुना लोकांनी बघावा. मी दिलं. दुसऱ्यांदा दिलं, याचंच मला आज जास्त आश्चर्य वाटतं. पाट्या मी टाइप केल्या, फक्त या नाण्याची सरांनी स्वतः केली. "तुम्हाला किती त्रास द्यायचा," म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी मी पाटी वाचली. इंग्रजीत होती. वर मोठ्या अक्षरांत, 'नवीन संग्राहकांसाठी सूचना'. खाली, चुकीच्या सफाईने नाण्याचं मोल आणि माहिती कशी कायमची नष्ट होते याचं उदाहरण. चिंच, लिंबू, घासणी वापरू नये. शेवटच्या ओळीत माझं नाव, नाणं यांच्या संग्रहातून.

छापलेलं माझं नाव मी पहिल्यांदा बघत होते.

सर पाहुण्यांत होते. मी त्यांच्याकडे जाणार, एवढ्यात काठीचा आवाज आला. आजी. पुन्हा मुलाकडे आलेल्या, आता पाठ वाकलेली, एसीसाठी अंगावर शाल. त्या माझ्या शेजारी थांबल्या आणि काचेत बघू लागल्या.

"हे बघ, हेच तेवढं लखलखीत. बाकीची सगळी काळीकुट्ट. कोणाला दोन हात मारता येत नाहीत का?" मग म्हणाल्या, "काय लिहिलंय गं तिथे? वाच."

मी वाचलं. मराठीत, सावकाश, एक शब्द न गाळता. सर पलीकडेच होते. त्यांचं बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"अरेरे," आजी म्हणाल्या. "म्हणजे वायाच गेलं म्हणायचं. कोणी गं केलं असं?"

मी सरांकडे बघितलं. ते जरा वाट बघत राहिले आणि मग वळून पाहुण्यांना पुढची पेटी दाखवू लागले.

"खाली माझं नाव आहे, आजी."

"तू?" त्यांनी मला नीट निरखलं. "तू तर चांगली टापटिपीची दिसतेस." माझ्या दंडावर त्यांचा हलका, कोरडा हात आला. "असू दे. होतं एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नकोस."

आणि त्या खुर्ची शोधायला गेल्या.

दुपारी हॉल जेवायला रिकामा झाला. किल्ल्या माझ्याकडेच होत्या. मी पेटी उघडली, पर्समधली छोटी कात्री काढली, पाटीची शेवटची ओळ सरळ कापून घेतली आणि पाटी पुन्हा जागेवर लावली. नाण्याला हात लावला नाही. किल्ल्या सरांच्या खुर्चीवर ठेवल्या, किल्ल्यांखाली पुढच्या बैठकीच्या वृत्तांताचे कोरे कागद, आणि पार्किंगमध्ये गेले. गाडी उन्हात तापलेली होती. दारं उघडून थोडा वेळ बाहेर उभी राहिले, हातातला कागदाचा पट्टा इतका बारीक होता की वाऱ्याने उडाला, आणि मी त्याच्या मागे गेले नाही.